आधी पोच, मग शिबिर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांत तुमच्या संस्थेने तालुक्यात चौदा कायदेविषयक शिबिरं घेतली. संविधान दिन झाला, महिला दिन झाला, पोलीस निरीक्षकांचं भाषण झालं. तरी तेवीस विधवा बायकांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज तहसीलमध्ये पडूनच आहेत. आता मोर्चा काढायचा, सगळ्यांवर माहिती अधिकार टाकायचा, की 'यंत्रणेशी समन्वय' ठेवून गोडीगुलाबीने कामं करून घ्यायची? आणि कायद्याचं राज्य यावं म्हणून नागरिकांच्या संस्थेने नेमकं करायचं तरी काय?

मोर्चा की समन्वय हा वाद तूर्त बाजूला ठेवा. आधी मला सांगा, त्या तेवीस अर्जांपैकी किती अर्जांची पोच तुमच्याकडे आहे?

माझा अंदाज, चार-पाच. मी सव्वीस वर्षं या कामात आहे आणि जिथे जिथे नव्या कार्यकर्त्यांना हा प्रश्न विचारला, तिथे पहिल्यांदा शांतताच मिळाली. आमचंही तेच होतं. पहिली तीन-चार वर्षं मी शिबिरांतून हुंडाबंदीपासून वारसाहक्कापर्यंत सगळं बोलायचे. एकदा भाषण संपल्यावर मागे बसलेल्या एका आजीने विचारलं, "बाई, ह्यो कायदा कोणत्या खिडकीवर मिळतो?" हशा पिकला. मीही हसले. घरी जाताना लक्षात आलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. कोणतं कार्यालय, कोणतं टेबल, कोणता नमुना, किती दिवस, आणि नाही झालं तर वर कोण, यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं.

तहसीलमधलं आवक टेबल तुम्ही पाहिलंय, पण एकदा तिथे अर्धा तास नुसतं उभं राहून बघा. बाई येते. पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद काढते. टेबलामागचा माणूस ते चाळतो आणि म्हणतो, "ठेवून जा, साहेब मीटिंगला गेलेत." बाई ठेवून जाते. कागद पेपरवेटखाली जातो, संध्याकाळी एका गठ्ठ्यात जातो, आणि आवक नोंदवहीत त्याला क्रमांक पडतच नाही. महिन्याभराने ती परत आली की तिला सांगतात, "तुमचा अर्जच नाही." गंमत म्हणजे ते खोटंही नसतं. कार्यालयाच्या दप्तरी तो अर्ज आलेलाच नाही.

आता तीच बाई दोन प्रती घेऊन गेली, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घेऊन आली, तर कागद बदलत नाही, पण घड्याळ सुरू होतं. टेबलामागचा माणूस पोच द्यायला का कुरकुरतो? त्याचा स्वभाव वाईट असतो म्हणून नव्हे. एकदा क्रमांक पडला की तो कागद कोणाच्या तरी नावावर चढतो, आणि निपटारा झाला नाही तर तपासणीत प्रलंबित म्हणून दिसतो. फारच नकार मिळाला तर वाद घालू नका. बाहेर पडा, तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि वितरणाचा तपशील जपून ठेवा.

महाराष्ट्रात हे घड्याळ आता नुसत्या शिष्टाचाराचं राहिलेलं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेच्या अर्जाला पोच, विशिष्ट अर्ज क्रमांक आणि मुदत द्यावीच लागते. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील, मग राज्य सेवा हक्क आयोग. पुरेसं कारण नसताना सेवा न देणाऱ्या पदनिर्देशित (म्हणजे त्या सेवेसाठी जबाबदार ठरवलेल्या) अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती, म्हणजे दंड, होऊ शकतो. रक्कम किरकोळ आहे, पण नोंद किरकोळ नसते. एक खाचखळगा आधीच सांगते. मुदत मोजतात ती सर्व आवश्यक कागदपत्रांसह अर्ज दिला त्या दिवसापासून. म्हणून 'त्रुटी आहे' हा कार्यालयाचा आवडता शब्द आहे. त्रुटी तोंडी ऐकून घेऊ नका, अर्जावर लिहून घ्या. मी पाहिलंय, लिहायची वेळ आली की पाच त्रुटींची एक होते.

तुमच्या तेवीस जणींचं प्रकरण यात कसं बसतं ते बघा. निराधार योजनेचा अर्ज समितीपुढे जातो, समितीची बैठक कधी होईल ते तुमच्या हातात नसतं. पण त्या अर्जाला लागणारा उत्पन्नाचा दाखला ही वेगळी, अधिसूचित सेवा आहे. माझ्या अनुभवात अर्धी प्रकरणं समितीपर्यंत पोचतच नाहीत, ती दाखल्यापाशी अडलेली असतात. तेव्हा तेवीस अर्जांचा एकच गठ्ठा करून 'विधवांवर अन्याय' असं निवेदन देऊ नका. एका मोठ्या कागदावर तेवीस ओळी आखा आणि प्रत्येकीचं नेमकं कुठे अडलंय ते लिहा. तलाठ्याकडे, दाखल्यापाशी, समितीपुढे, की बँक खातं आधारला जोडलेलं नाही. हे कंटाळवाणं काम आहे. वर्तमानपत्रात याचा फोटो येत नाही. पण तहसीलदारापुढे तो कागद ठेवला की बोलणं एकदम बदलतं, कारण त्यांच्याही हातात तसा कागद नसतो.

माहिती अधिकाराबद्दल. 'सगळ्यांवर टाकायचा' हे शब्द मला आवडले नाहीत, अगदी स्पष्टच सांगते. २००५ चा कायदा हत्यार म्हणून वापरला की तो लवकर बोथट होतो. 'गेल्या दहा वर्षांतील सर्व कामांच्या सर्व नस्तींच्या (फायलींच्या) साक्षांकित प्रती द्याव्यात' असे अर्ज करणारा एक वर्ग प्रत्येक तालुक्यात असतो. त्यातल्या काहींची दुकानं त्यावर चालतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराकडेही संशयाने पाहिलं जातं. महाराष्ट्राच्या नियमांत एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. तिचा मला आधी राग यायचा, आता वाटतं की आपला प्रश्न १५० शब्दांत मावत नसेल तर तो आपल्यालाच नीट कळलेला नसतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एवढंच विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरच्या व्यक्तीने, काय कार्यवाही केली, आणि सध्या तो कोणाकडे किती दिवसांपासून आहे. निम्म्या वेळा ३० दिवस थांबावंच लागत नाही, त्याआधी कामच होतं. 'का केलं नाही' असं विचारू नका. या कायद्याखाली असलेली नोंद मिळते, खुलासा मिळत नाही.

उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे प्रथम अपील, तिथेही नाही झालं तर ९० दिवसांत आयोगाकडे द्वितीय अपील. द्वितीय अपिलाची रांग लांब असते, म्हणून तिच्या भरवशावर काम आखू नका. त्यापेक्षा अवलोकनाचा हक्क वापरा. नस्ती समोर बसून वाचता येते आणि हव्या त्याच पानांच्या प्रती घेता येतात. पुणे महापालिकेने सोमवारी दुपारी अभिलेख खुले ठेवण्याची पद्धत सुरू केली होती. तिच्याच धर्तीवर २०१८ मध्ये शासनाने जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सोमवारी ३ ते ५ ही वेळ ठरवून दिली. तुमचं तहसील त्यात येतं की नाही यावर हुज्जत घालत बसू नका, साध्या अर्जात अवलोकन मागा. नस्तीत टिपणी कशी चढते, 'सादर', 'चर्चा करावी', 'पुनश्च सादर' हे शेरे कोण कधी मारतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की शासन कसं चालतं याचं जे शिक्षण होतं ते कुठल्याच शिबिरात होत नाही.

आणि मिळालेला कागद कपाटात ठेवण्यासाठी नसतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ ला कोट किराना इथे पहिली जनसुनवाई घेतली. कामांचे हजेरीपट आणि बिलं गावकऱ्यांपुढे मोठ्याने वाचली. कोण कामावर होतं, कोणाला किती मिळाले, हे सांगायला ज्यांची नावं त्या कागदात होती तीच माणसं समोर बसलेली. घोषणा साधी होती, 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवसांचं धरणं झालं. पुढे माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि २००५ च्याच रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमात ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामांची आणि खर्चाची लोकांसमोर तपासणी, करायचं असं लिहिलं गेलं. महाराष्ट्रातही केंद्राच्या आधी, २००२ साली, माहिती अधिकाराचा कायदा झाला होता, त्यामागे अण्णा हजारे यांची आंदोलनं होती. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं की लोकांनी शोधलेली एक रीत सरकारी कार्यपद्धतीत गेली. आपल्या कामाची मोजपट्टी मी हीच मानते. आपण गेल्यावरही ती पद्धत चालू राहते का?

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मुंबईचं आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. मारहाण झालेली बाई पोलीस ठाण्यात येते तेव्हा तिला लगेच गुन्हाच नोंदवायचा असतो असं नाही. कधी तिला तिचं स्त्रीधन परत हवं असतं, कधी मुलं, कधी फक्त 'आज रात्री कुठे जाऊ' याचं उत्तर. हे ऐकायला खुर्ची टाकून बसलेलं कोणीतरी तिथे असणं, आणि ते कोणीतरी पोलीस नसणं, ही त्या रचनेची खरी खुबी. कार्यकर्ती पोलिसांच्या छपराखाली बसते पण तिचं व्यावसायिक उत्तर पोलीस निरीक्षकाला द्यायचं नसतं. राज्य सरकारने पुढे हे कक्ष स्वीकारले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. 'समन्वय' म्हणतात तो हा. एकाच व्यासपीठावर बसून फुलगुच्छ देणं म्हणजे समन्वय नव्हे.

तुमच्या संस्थेलाही याच्या जवळ जाणारा एक दरवाजा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १० खाली, स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणारी नोंदणीकृत संस्था 'सेवा पुरवठादार' म्हणून नोंदवता येते. मग पीडितेच्या इच्छेनुसार घरगुती घटना अहवाल भरून तो दंडाधिकारी आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवण्याचा अधिकार तुम्हाला मिळतो. अनेक संस्था वर्षानुवर्षं 'समुपदेशन' करतात आणि ही नोंदणी करत नाहीत. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

विधी सेवा प्राधिकरणाबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख फक्त 'शिबिराला न्यायाधीश आले होते' एवढाच आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला, तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. कलम १२ खाली स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट यांना नाही. तुमच्या तेवीस जणींपैकी एकीचा जमिनीचा वाद असेल तर तिला उत्पन्नाचा दाखला मागणाऱ्याला हे कलम दाखवा. १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक शिबिराच्या फलकावर पाहुण्यांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहा. तुमच्यातल्या दोघांनी विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. त्या ओळखपत्रामुळे पोलीस ठाण्यात आणि तुरुंगात जी ये-जा शक्य होते ती संस्थेच्या लेटरहेडने होत नाही. तुरुंगात काम करायला माणसं कमी पडतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या (खटला अजून चालू असलेल्या) कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला बंधपत्रावर सोडायची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणं असलेले आरोपी यात येत नाहीत. हा हिशेब करून अर्ज पुढे सरकवायला कागद-पेन घेऊन बसणारा माणूस लागतो, वकीलच लागतो असं नाही.

पण लोकअदालतीला जरा सांभाळून. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. बँकेची थकबाकी, अपघाताची भरपाई, धनादेश न वटल्याची प्रकरणं यासाठी ती उत्तम. पण निकाली प्रकरणांचा आकडा वाढवण्याची घाई तिथे असते, आणि मार खाणाऱ्या बाईला 'मिटवून टाक' म्हणणारे चार भले लोक आजूबाजूला असतातच. तुमचा माणूस त्या चौघांतला पाचवा होऊ नये.

आता माझी एक चूक. २००७ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिले जिल्हे पाच होते: पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती, उस्मानाबाद. गावकरी आरोग्य केंद्राचं गुणपत्रक भरत, मग अधिकाऱ्यांसमोर जनसुनवाई. ते पाहून आम्हीही आमच्या भागात एका आरोग्य केंद्रावर सुनवाई घेतली. औषधं बाहेरून आणायला लावतात, रात्री डॉक्टर नसतात, अशा सतरा तक्रारी होत्या, सगळ्या खऱ्या. पत्रकारांना बोलावलं, वैद्यकीय अधिकाऱ्याला मात्र तक्रारी आधी दाखवल्या नाहीत, म्हटलं, सावध होईल. सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, मंजूर पदं दोन आहेत, मी एकटा आहे, मागणीपत्रं पाठवल्याच्या तारखा हव्यात का? त्याच्याकडे तारखा होत्या, आमच्याकडे नव्हत्या. लोकांना वाटलं आम्ही गरिबाला झोडपलं, त्याला वाटलं आम्ही बातमीसाठी आलो. त्यानंतर दोन वर्षं त्या केंद्रात आम्हाला कोणी नोंदवही दाखवली नाही. आता मी तक्रारींची यादी पंधरा दिवस आधी, पोच घेऊन देते. जे त्या टेबलावर सुटू शकतं ते सुटतं, आणि जे सुटत नाही ते कोणाच्या टेबलावर जायला हवं हे सुनवाईआधीच कळतं.

कायदा झाला की काम संपलं, असंही होत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर आठवड्याच्या आत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढं असूनही ठाणे अंमलदार तुम्हाला विचारू शकतो, "हे कोणतं कलम?" म्हणून दोन्ही कायद्यांची मराठी प्रत झोळीत ठेवा. बहिष्कार कोणी लेखी काढत नाही, त्यामुळे पुरावा लहान-लहान गोष्टींत असतो: किराणा देणं कधी बंद झालं, मयताला कोण आलं नाही, लग्नाची पत्रिका नेहमीच्या कोणत्या घरून यंदा आली नाही. तारखेनिशी वहीत लिहायला सांगा, त्याच दिवशी.

मोर्चाचं विचारलंत. काढा, पण तुमचा तेवीस ओळींचा कागद तयार झाल्यावर, आणि तोच कागद मागणी म्हणून घेऊन. निवेदनात माणसाचं नाव नको, पदाचं लिहा. अधिकारी बदलून जातात, नवीन येणाऱ्याला तुमचं भांडण माहीत नसतं, आणि ते बरंच असतं. तो रुजू झाला की आठवड्याच्या आत एका पानाचं टिपण घेऊन भेटा.

एक सूचना मात्र हौस म्हणून नाही. वाळू, जमीन, रेशन यांत हात घालाल तेव्हा अर्ज एकाच्या नावाने जाऊ देऊ नका. तळेगाव दाभाडे इथे जमीन व्यवहारांबद्दल माहिती मागणारे सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना हत्या झाली. अर्ज चार-पाच जणांच्या नावाने वेगवेगळ्या गावांतून टाका, प्रती दुसऱ्या तालुक्यात कोणाकडे तरी ठेवा, कार्यालयात दोघांनी जा.

आणि तुमच्या स्वतःच्या कार्यालयात? विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तुमचे अध्यक्ष गेल्या वर्षी बदलले असं पत्रात आहे, त्याची पोच आहे का बघा. समोरचा अधिकारी पहिल्यांदा हेच शोधतो, आणि त्याला तो हक्क आहे. वर्षाचा हिशेबही दारावर लावा, आम्ही लावतो. दोनदा लोकांनी त्यात चूक काढली. एकदा खरोखरच होती.

शिबिर नंबर पंधरा रद्द करा. त्या पैशातून झेरॉक्स काढा, एक जाड नोंदवही घ्या, आणि तेवीस जणींना दोन-तीनच्या गटात तहसीलला घेऊन जा. एकदम नको, घोळका दिसला की खिडकी बंद होते. अर्ज त्यांनीच द्यायचा, पोचही त्यांनीच मागायची, तुम्ही मागे उभं राहायचं. ज्यांचे जुने अर्ज 'सापडत नाहीत' त्यांच्यासाठी त्या महिन्याच्या आवक नोंदवहीचं अवलोकन मागा. सही करता न येणारीच्या अंगठ्याखाली साक्षीदाराची सही लागते, तेव्हा स्टॅम्प पॅड बरोबर न्या. तहसीलमधलं नेहमी सुकलेलं असतं.